परमुलखातल्या मिशनऱ्याचा दिवस : जालन्याच्या वाटेने

मॉर्मन मिशनऱ्याचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवे मालवून संपतो. मधल्या सोळा तासांची आखणी सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयाने आधीच करून ठेवलेली असते. उठल्याबरोबर अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि न्याहारी, त्यानंतर धर्मग्रंथाचे वाचन, जोडीदारासोबत अभ्यास, परक्या भाषेच्या मुलखात असेल तर भाषेचा धडा. सकाळ सरत आली की पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून जे बाहेर पडायचे, ते रात्री नऊच्या सुमारासच घरी परतायचे. अलीकडच्या काळात देशपरत्वे या वेळा थोड्या पुढेमागे करण्याची मुभा मिळाली आहे. चौकट मात्र तीच आहे.

या पंथाचे अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. पंथातल्या तरुण मुलाने दोन वर्षे आणि मुलीने दीड वर्ष घरदार सोडून प्रचाराला जावे अशी अपेक्षा असते. मुलींवर तशी सक्ती नाही, मुलांवरही कागदोपत्री नाही. पण न जाणाऱ्या मुलाकडे नातलग कसे बघतात हे त्या समाजात वाढलेल्याला ठाऊक असते. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय एकोणिसावरून अठरावर आणि मुलींसाठी एकविसावरून एकोणिसावर आणले गेले. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मुलगा बारावीचा निकाल हातात घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभा असतो, त्या वयात तिकडचा मुलगा बॅग भरत असतो.

कुठे जायचे हे त्याच्या हातात नसते. अर्ज करायचा आणि वाट बघायची. बोलावण्याचे पत्र पूर्वी टपालाने जाड पाकिटातून यायचे आणि सगळे घर गोळा झाल्यावर ते फोडले जायचे. २०१८ पासून ते ऑनलाइन येते. ब्राझील निघेल, फिलिपिन्स निघेल, नाही तर शेजारचेच राज्य. पत्र आल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंतचे काही महिने मुलगा त्या देशाचा नकाशा बघण्यात आणि तिथल्या आयुष्याची कल्पना करण्यात घालवतो. मग काही आठवडे प्रशिक्षण. त्यातले सर्वांत मोठे केंद्र युटातल्या प्रोव्होला आहे आणि तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. खर्च बहुतांशी घरचाच असतो. २०२० च्या जुलैपासून अमेरिकेतल्या मिशनऱ्यामागे महिन्याला ५०० डॉलर असा दर ठरलेला आहे. मुलगा महागड्या टोकियोत गेला काय किंवा स्वस्त गावात गेला काय, घरच्यांनी भरायची रक्कम तेवढीच. ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. नाही तर गरीब घरची मुले गरीब देशांतच गेली असती.

नियमांपैकी दोन नियमांचा रोजच्या जगण्याशी जवळून संबंध येतो. पहिला, एकटे कधीच राहायचे नाही. जोडीदार नेमून दिलेला असतो आणि झोपण्यापासून बाजारहाटापर्यंत तो सोबत असतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते, तेव्हा जोडीदार तरी बदलतो नाही तर गाव तरी. त्याचे घोरणे सोसवत नाही म्हणून तक्रार करण्याची सोय नसते. दुसरा नियम खाण्यापिण्याचा. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथने सांगितलेल्या पथ्यात दारू आणि तंबाखू वर्ज्य आहेत. त्याचबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे.

असा मुलगा मराठवाड्यात उतरला, तर पहिल्या नियमाने कोणाचे काही अडणार नाही. दुसऱ्याने अडेल.

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात अनोळखी माणूस ओसरीवर टेकला की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि पाठोपाठ आत चुलीवर आधण चढते. ‘चहा घेणार का’ असे विचारत नाहीत. विचारणे म्हणजे नको असल्याची खूण समजतात. भोकरदनकडच्या एका वस्तीवर मी पोटाच्या कारणाने चहा नको म्हटले, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी एकामागून एक शंका काढल्या. “शुगर हाय का?” नाही म्हटल्यावर, “मंग उपास हाय का? उपासाला तं च्या चालतो.” तेही नाही म्हटल्यावर ते घटकाभर गप्प बसले. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारून सांगितले, “अर्धाच कप दे, पावन्याला पुरा नगं.” तो अर्धा कप बशीत ओतून प्यावाच लागला. अशा ओसरीवर अठरा वर्षांचा गोरा मुलगा हात जोडून चहा नाकारू लागला, तर त्याचे पुढचे प्रवचन ऐकायला कोण बसेल हा प्रश्नच आहे. त्याने ताक मागावे, लिंबाचे सरबत मागावे. हंगाम असेल तर मोसंबीचा रस मागावा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचे कौतुक केले की यजमान चहाचा राग विसरतो. उलट, महिन्यातल्या पहिल्या रविवारी मॉर्मन लोक दोन वेळचे जेवण सोडतात, हे मात्र एकादशी पाळणाऱ्या घरात एका वाक्यात समजते. लग्न झाले का, किती शिकला, वडील काय करतात, शेती किती, पगार किती, या प्रश्नांना तोंड दिल्याखेरीज परलोकाचा विषय निघत नाही. चहाशिवाय काढायची तर ही पहिली भेट फार लांबते.

आता जालन्यात मॉर्मन मिशनरी दारोदार फिरताना दिसत नाहीत. भारतात या पंथाचे काम मुख्यतः दक्षिणेत आणि मोठ्या शहरांत आहे. बंगळूरचे मिशन १९९३ मध्ये स्वतंत्र झाले. इथे पट्टी लावून फिरणारे बरेचसे तरुण भारतीयच असतात. त्यामागे पासपोर्टाचे कारण आहे. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करणे हा नियमभंग ठरतो, आणि मिशनरी व्हिसा सहजासहजी मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डधारकांनाही मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी किंवा तबलीगच्या कामासाठी वेगळी परवानगी लागते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले.

महाराष्ट्रात मॉर्मन आले ते या सगळ्याच्या कितीतरी आधी, कंपनी सरकारच्या अमदानीत. युरोपातल्या मिशनचा कारभार पाहणाऱ्या लोरेन्झो स्नोने विल्यम विल्स याला कलकत्त्याला आणि ह्यू फिंडले या स्कॉटिश तरुणाला मुंबईला धाडले. फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला. तिथे पाद्री आणि वर्तमानपत्रे विरोधात गेली, तेव्हा त्याने पुण्याचा रस्ता धरला. पुण्याच्या छावणीत त्याला थोडे श्रोते मिळाले आणि एक लहानशी शाखाही उभी राहिली. पुढे त्याचा भाऊ ॲलन येऊन मिळाला. अमेरिकेहून निघालेली तेरा जणांची तुकडी १८५३ च्या वसंतात कलकत्त्याला उतरली. त्यांच्यापैकी काही जण पुढे पश्चिम किनाऱ्याकडे आणि कराचीकडे सरकले.

या लोकांनी घर सोडताना जी कल्पना केली होती ती नव्या करारातून उचललेली होती: थैली नाही, झोळी नाही, ज्या घरी ठाव मिळेल तिथे राहायचे. इंग्लंडच्या गिरणगावांत हे जमले होते. हिंदुस्थानात जमणार कसे? छावणीतला गोरा माणूस त्यांना घरात घेईना, कारण वरिष्ठांची नाराजी कोण ओढवून घेणार. आणि शहरातला हिंदू त्यांना घरात घेऊ शकत नव्हता, कारण जात आड येत होती. त्यात ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीकत्वाची उघड घोषणा झाली. ती बातमी इकडे पोचल्यावर उरलेसुरले दरवाजेही बंद झाले. पण माझ्या मते सगळ्यांत मोठी अडचण त्यांच्या शिकवणीतच होती. बाप्तिस्मा घेतलेल्याने जमेल तितक्या लवकर युटाला जाऊन तिथल्या संतांच्या वस्तीत सामील व्हावे, असा त्या काळी दंडक होता. पुण्यात वाढलेली शाखा म्हणजे जहाजाच्या तिकिटासाठी पैसे साठवणारी माणसे. जे टिकाऊ होते ते निघून गेले आणि जे मागे राहिले ते पांगले. १८५६ पर्यंत मिशनरीही सगळे परतले होते. पुण्यात त्यांचा मागमूस उरला नाही.

जालन्याला ज्या स्कॉटिश मिशनचा मागमूस उरला त्याची गोष्ट उलट्या दिशेने जाते.

जालना आज मुंबईहून दिवसाउजेडी गाठता येते. समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो. ३० डिसेंबर २०२३ पासून वंदे भारत गाडीही सुरू झाली. मनमाड सोडल्यावर गाडी हळूहळू काळ्या जमिनीत शिरते आणि औरंगाबादनंतर, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरनंतर, कपाशी, तूर आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा खिडकीतून दिसू लागतात. हा मार्ग निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास टाकला आणि तो १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजच होता. रेल्वेच नव्हती त्या काळात मुंबईहून येणाऱ्याला घाट चढून नाशिक किंवा नगरवरून बैलगाडीने नाही तर तट्टावरून यावे लागे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाके रुतली की मुक्काम जिथल्या तिथे.

अशा प्रवासाचे मोल काय असते ते गॉर्डन हॉलच्या बाबतीत दिसले. अमेरिकन मिशनचा हा पहिला माणूस सॅम्युअल नॉटबरोबर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आला आणि मराठी शिकून रस्त्यावर बोलू लागला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकी पसरली होती. जवळची औषधे त्याने वाटून टाकली आणि परत निघाला. वाटेतल्या एका गावात देवळाच्या ओसरीवर तो रात्री पडला होता. तिथेच त्याला पटकीने गाठले आणि काही तासांत तो गेला. वय एकेचाळीस. ज्या देवाविरुद्ध बोलण्यात तेरा वर्षे गेली त्याच्याच ओसरीवर त्याला आसरा मिळाला, याबद्दल गावकऱ्यांपैकी कोणाला काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. वाटसरूला देऊळ मोकळेच असते.

जालन्याला पाद्री येण्याचे एक कारण छावणी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर या भागात इंग्रजी फौजेचा वावर वाढला आणि १८२७ मध्ये जालन्यात कायमची छावणी बांधली गेली. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुने जालना, दुसऱ्या अंगाला कादराबाद, आणि बाजूला छावणीचे बंगले. व्यापारी पेठ म्हणून गावाचे नाव आधीपासून होतेच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही रिक्षावाला पाहुण्याला ऐकवतो. फौज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघून गेली. सोन्याचा पाळणा नंतर बियाण्यांनी आणि लोखंडी सळयांनी हलता ठेवला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको कंपनी काढली.

पण मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता, आणि याने मिशनऱ्याचा दिवस पार बदलून जाई. मुंबई इलाख्यात शिकलेली मराठी इथे बाजारात चाले, मोल्सवर्थचा कोशही कामाला येई. पण कचेरीत फारशीशिवाय पान हलत नसे. बाजारात निजामाचा हाली सिक्का आणि कंपनीचा रुपया दोन्ही फिरत, त्यांचे भाव वेगळे. शिपायाचा पगार एका नाण्यात, धान्याचा व्यवहार दुसऱ्यात. कलेक्टराच्या ओळखीची चिठ्ठी इथे चालत नव्हती. जमीन हवी, विहीर खणायची, शाळेसाठी जागा हवी, तर थेट हैदराबादच्या दरबारापर्यंत जावे लागे.

तिथवर जाणारा माणूस स्कॉटलंडचा नव्हता. नारायण शेषाद्री हे मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले ब्राह्मण. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहू लागला, वडिलांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने अल्पवयीन मुलाला वडिलांच्या हवाली केले. पुढे श्रीपतला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून जे रण माजले त्यात बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. मराठी वाचक हे प्रकरण जांभेकरांच्या चरित्रातून ओळखतो आणि तिथेच सोडून देतो. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे जालन्याला गेल्याशिवाय सहसा कानावर येत नाही.

नारायणरावांना घर सोडताना जहाजात बसावे लागले नाही. पण जातीबाहेर पडलेल्या ब्राह्मणाला आपला मुलूखही परका होतो. पाणी कुठले प्यायचे, कोणाच्या ओसरीवर टेकायचे, आजारी पडल्यास कोण बघणार, हे स्कॉटलंडहून आलेल्या माणसाला जसे नव्याने सोडवावे लागे तसेच त्यांनाही. त्या काळच्या ख्रिस्ती घरातल्या अशा रोजच्या गोष्टी ज्याला जवळून पाहायच्या असतील त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. मिशनच्या अहवालात न येणारे सगळे त्यात आहे, आणि हसू आवरत नाही अशा रीतीने आहे. शेजारी औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती पाद्र्याने सांभाळले. म्हणजे मराठवाड्यातल्या दोन मोठ्या ठाण्यांवर एक ब्राह्मण आणि एक पारशी. दोघेही आपापल्या समाजाने परके ठरवलेले.

जालना भागात नारायणरावांचे ऐकणारे लोक बहुतांशी मातंग समाजातले निघाले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, बलुत्याच्या धान्यावर अवलंबून असलेल्या माणसाने धर्म बदलला की बलुते बंद होण्याची भीती असे, आणि विहीर तर आधीपासूनच बंद होती. त्याला युटाला जा असे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला इथेच जमीन लागणार होती. नारायणराव हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे गेले आणि जालन्याजवळ जमीन मिळवली. त्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले: घरे, शाळा, प्रार्थनामंदिर, विहिरी. मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, स्कॉटलंडच्या पैशाने, ब्राह्मण घरातल्या माणसाने मातंगांसाठी ख्रिस्ती गाव उभारावे, असा योग एकोणिसाव्या शतकातही रोज येत नसे.

असे गाव चालवणाऱ्याचा दिवस प्रवचनात जाणे शक्यच नाही. परदेशी मिशनऱ्यांच्या लेखनातून त्या काळच्या दिवसाचे चित्र साधारण असे दिसते. उन्हाच्या आत, पहाटेच तट्टू काढून जवळची खेडी. परतल्यावर शाळेची तपासणी आणि शिक्षकांचे पगार. दुपारी पंडिताबरोबर भाषेचा किंवा भाषांतराचा तास. संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी उभे राहून बोलणे आणि गर्दीतल्या एखाद्या शास्त्र्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे. दारात आलेल्या आजाऱ्याला कुनैन द्यायचे काम कोणत्याही वेळेला. पाऊस संपून ज्वारी निसवू लागली की तंबू बैलगाडीत टाकून दौरा निघायचा तो थंडी सरेपर्यंत. बेथेलसारख्या ठिकाणी याच्या जोडीला बांधांची भांडणे, बी-बियाणे, आटलेली विहीर आणि सोयरिकी जुळवणे आले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला तेव्हा तर धर्मोपदेशक आणि धान्यवाटपाचा कारकून यांत फरक उरला नसावा. जालना पाण्यासाठी आजही आभाळाकडे बघते. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराला आणि खेड्यांना टँकरवर दिवस काढावे लागले, मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी झाडे तोडून सरपण केले. या भागात पाण्याची सोय केल्याशिवाय कोणताही पंथ, पक्ष किंवा कारखाना मूळ धरत नाही.

हिंडून उपदेश करणारा माणूस या जिल्ह्याला काही नवा नव्हता. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते इथे जन्मले, बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेले, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे राहिले आणि परंपरेनुसार पुढची बारा वर्षे देशभर फिरले. नंतर जे मठ त्यांनी उभे केले त्यांतल्या शिष्यांना भिक्षेचा नेम होता. पोटापुरती भिक्षा मागायची आणि त्या निमित्ताने घरोघरची माणसे पारखायची. महानुभाव पंथातले अटन आणि भिक्षेचे नियम त्याहूनही जुने आणि कडक. मराठवाड्यातल्या बाईने उंबऱ्याशी आलेल्या काळ्या किंवा भगव्या वस्त्रातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ओंजळभर पीठ घातले आहे. थैली-झोळी न घेता निघालेल्या फिंडलेच्या सोबत्यांची कल्पना तिला लगेच पटली असती. फक्त तिच्या दारात यायला तिची भाषा यायला हवी होती आणि तिच्या हातची भाकरी घ्यायची तयारी हवी होती. ते लोक छावणीच्या फाटकाशीच अडकले.

नारायणराव स्वतः परदेशी मिशनरी झाले तेही पुढे. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तिथे जालन्याचा हा पाहुणा डोक्याला पांढरे पागोटे बांधून व्यासपीठावर उभा राहिला आणि इंग्रजीत बोलला. अमेरिकन श्रोत्यांनी पागोट्याकडे जितके पाहिले तितकेच भाषणाकडे लक्ष दिले असेल का, याची शंका येते. पण बेथेलला पैशांची गरज होती आणि पागोट्याने पैसे जमत असतील तर त्यांची ना नसावी. अमेरिका आणि स्कॉटलंडच्या चर्चमधून फिरताना रोज नवे घर, नवा यजमान, नवे प्रश्न, परके जेवण आणि हाडे गोठवणारी थंडी हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. प्रोव्होहून निघणाऱ्या आजच्या मुलाला जे सोसावे लागते तेच त्यांनी पन्नाशीच्या आसपास, जोडीदाराशिवाय, उलट्या दिशेने सोसले. १८९१ मध्ये अशाच एका लांबच्या प्रवासात समुद्रावर त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्यामागे स्कॉटिश मिशनने जालन्याचे काम चालू ठेवले आणि शाळेबरोबर दवाखान्याकडे जास्त लक्ष दिले. हे मिशन चालवणारे स्कॉटलंडचे फ्री चर्च १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च झाले आणि १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिसळले. इकडे निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, जालना आधी हैदराबाद राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आले आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून तुटून वेगळा जिल्हा झाले. मधल्या काळात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला उत्तर भारतातल्या सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले आणि स्कॉटिश परंपरेतल्या इथल्या मंडळ्या त्यात गेल्या. आता पाळक मराठी, उपासना मराठीत, आणि भजनाला पेटी-तबला. रविवारी उपासना आटोपली की मंडळी बाहेर घोळका करून उभी राहतात, मुलांच्या परीक्षांचे आणि टँकरच्या पाळीचे बोलणे निघते, आणि कोणीतरी सगळ्यांसाठी चहा सांगतो.